आज्ञापालन: राखून ठेवलेला वाटा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत शिकवणाऱ्यांना एवढंच विचारलं होतं: देवाची आज्ञा पूर्ण पाळायची म्हणजे व्यवहारात काय करायचं, आणि चुकतं कुठे?

बेळगाव शहर
आधी बायबलमधला १ शमुवेल १५ वाचा. अमालेकी लोकांचं सगळं नष्ट कर, काही राखू नको, अशी राजा शौलाला देवाची आज्ञा होती. शौल लढाईला गेला, जिंकला. फक्त अगाग राजा आणि उत्तम मेंढरं-गुरं राखली, आणि कारण दिलं यज्ञाचं. संदेष्टा शमुवेल म्हणाला, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. बहुतेक पाळलं म्हणजे पाळलं, हा समज इथेच मोडतो. आपल्याकडे हे समजावणं सोपं आहे. मराठीत ‘पोर ऐकत नाही’, इथल्या कन्नडात ‘मात केळंगिल्ल’. दोन्हीकडे ऐकणं म्हणजेच पाळणं. हिब्रूतला ‘शमा’ही तसाच.

निपाणी
मजुरी. लेवीय १९:१३ म्हणतं, मजुराची मजुरी सकाळपर्यंत तुझ्याजवळ राहू नये. अनुवाद २४:१५ म्हणतं, सूर्य मावळण्यापूर्वी दे. बाजाराच्या दिवशी एकदम देण्याचं मजुराशी आधी ठरलं असेल तर वेगळं. न विचारता आठवडा लांबवला, तर त्या पैशातून देवाला दिलेला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, काय कामाचा? बांध कोरणंही त्यातलंच, मग ते वर्षाला वीतभर का असेना (अनुवाद २७:१७).

खानापूर
भात कापताना कडेचं राखायचं, पडलेल्या लोंब्या वेचायच्या नाहीत (लेवीय १९:९). किती राखायचं ते लिहिलेलं नाही. कुणासाठी ते लिहिलंय: गरीब आणि परका.

बेळगाव तालुका
परतफेडीत सर्वांत जास्त चुका होतात. फसवून घेतलेलं परत करताना मूळ रक्कम अधिक तिचा पाचवा हिस्सा (लेवीय ६:५), म्हणजे १०,००० चे १२,०००. ते द्यायचे ज्याचे त्याला. लोक ते गुपचूप दानपेटीत टाकतात, कारण समोर जायची लाज वाटते. हे शौलाच्या मेंढरांसारखंच झालं. मालक वारला असेल तर जवळचा नातलग. तोही नसेल तरच याजकाकडे (गणना ५:८). क्रमही ठरलेला आहे: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर (मत्तय ५:२३-२४). प्रभुभोजनाच्या (मंडळीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) आदल्या आठवड्यात हे उरकावं. माफी मागताना ‘पण तुम्हीपण’ हा शब्द आला, की समेट तिथेच फिसकटतो.

खानापूर, दुसरे उत्तर
एक सावधगिरी हवी. ‘देवानं मला सांगितलं, तू असं कर’ म्हणणाऱ्याचं ऐकणं हे आज्ञापालन नव्हे. १ राजे १३ मधल्या देवाच्या माणसाला जेवू नको, पाणी पिऊ नको, आल्या वाटेने परतू नको असं स्पष्ट सांगितलं होतं. म्हाताऱ्या संदेष्ट्यानं देवदूताचं नाव घेतलं, तो जेवला, आणि वाटेत सिंहानं त्याला मारलं. बिरुया गावातले लोक प्रेषित पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून पाहत (प्रेषितांची कृत्ये १७:११). दर्शन सांगणारा पैसे, जमीन किंवा लग्न ठरवायला लागला, तर निर्णय थांबवा आणि मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांसमोर बायबलचं वचन उघडा.

निपाणी, दुसरे उत्तर
नवीन विश्वासणाऱ्यांना बायबलमधलं निर्गम हे पुस्तक क्रमानं शिकवा. मिसरातून सुटका १४ व्या अध्यायापर्यंत, दहा आज्ञा २० व्यात. उलट शिकवलं, की माणूस आज्ञा पाळून तारण (पापातून सुटका) कमवायला बघतो, आणि पहिल्या चुकीलाच उपासनेला यायचं बंद करतो.