मश्रूम सीरमने वांग जात नाहीये, मदत हवी आहे

अबोली_पुणे: मश्रूमवालं सीरम आणलंय, सगळीकडे त्याचंच कौतुक चाललंय म्हणून. रोज रात्री न चुकता लावते पण गालावर ढिम्म फरक नाही. दिरांचं लग्न तोंडावर आलंय. चालू ठेवू की बंद करू? लवकर सांगा प्लीज.

केदार_के: वांग म्हणजे नक्की वांगच ना, डॉक्टरांनी सांगितलंय? आणि बाटलीच्या मागे घटक काय लिहिलेत ते टाका आधी, नुसतं मश्रूम म्हणून काय कळणार.

शेवंता: सीरमबिरम सोडा गं. बटन मश्रूम दह्यात वाटून लाव, माझ्या नणंदेचा चेहरा काय उजळला होता!

मृण्मयी_डी: शेवंताताई, कच्चं मश्रूम चेहऱ्याला लावायला नका सांगू. शिताके नावाचं मश्रूम नीट न शिजवता खाल्लं तरी काहींच्या अंगावर चाबकाचे फटके मारल्यासारखे वळ उठतात, जपानमध्ये १९७७ सालापासून नोंद आहे याची.

शेवंता: ते शिताके, मी बटन म्हणतेय. आणि खायला नाही, लावायला सांगितलंय.

रानवाटा: आमच्याकडे गोव्यात पावसात वारुळावर ओळमी, म्हणजे रानटी मश्रूम, येतात, त्यांची शागुती (मसालेदार रस्सा) करून बघा एकदा. वाळवीच ती बुरशी वारुळात पोसते म्हणून शेतात लावून येत नाहीत. वारूळ मात्र उकरू नका हो कुणी.

अबोली_पुणे: अहो माझं काय? वांगच आहे, दोन्ही गालांवर, बाळंतपणानंतर आलंय, स्किनवाल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. घटक: पाणी, ग्लिसरीन, ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस स्पोरोकार्प एक्स्ट्रॅक्ट, पुढे प्रिझर्व्हेटिव्ह वगैरे.

मृण्मयी_डी: मग डागांना फरक पडणारच नाही. ट्रेमेला म्हणजे ते पांढरं, भिजवलं की जेलीसारखं फुलणारं मश्रूम, चीनमध्ये गोड सूपमध्ये घालतात. त्यातली पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या लांब साखळ्या) पाणी धरून ठेवतात, त्यामुळे त्वचा मऊ आणि टवटवीत दिसते, हा फायदा खरा आहे, मी स्वतः वापरते. ओलसर चेहऱ्यावर लाव आणि वरून क्रीम लाव, कोरड्या हवेत नुसतं सीरम पुरत नाही. डागांसाठी वापरतात ते कोजिक ॲसिड वेगळं, ते जपानी मिसो पेस्ट आणि साके दारू बनवायच्या कोजी बुरशीतून १९०७ साली जपानात सापडलं. त्वचेला काळसर रंग देणारं मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतं, कोजिक ते तांबंच धरून ठेवतं.

केदार_के: पण कोजिकने कित्येकांना आग होते, पुरळ येतं. युरोपने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या क्रीममध्ये १ टक्क्याची मर्यादा घातलीय. मी तर म्हणतो आधी सनस्क्रीन, तेही टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांग त्यानेही गडद होतं. ते नसेल तर बाकी सगळं पाण्यात.

शेवंता: आमच्या वेळी कुठे होतं सनस्क्रीन.

अबोली_पुणे: सनस्क्रीन बाहेर जातानाच लावते. बाळाला अजून अंगावर पाजतेय, कोजिक चालेल का? मेडिकलवाला एक गोरं करणारी ट्यूब देतोय, आठवड्यात फरक म्हणे.

मृण्मयी_डी: अगं पाजतेयस हे आधी का नाही लिहिलंस! ती ट्यूब अजिबात घेऊ नकोस, असल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड आणि हायड्रोक्विनोन (त्वचा फिकट करणारं औषध) असतं, सुरुवातीला उजळतं आणि बंद केलं की दुप्पट काळं होतं. कोजिकही स्वतःच्या मनाने नको. पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा आणि अझेलाइक ॲसिडबद्दल विचार, पाजणाऱ्या बायकांना सहसा तेच देतात. पण लग्नापर्यंत वांग जाईल असं धरून चालू नकोस, महिने लागतात.

केदार_के: आणि सनस्क्रीन घरातही लावा, खिडकीपाशी बसत असाल तर नक्कीच.

अबोली_पुणे: उद्याच अपॉइंटमेंट घेते. सीरम मग सकाळी सनस्क्रीनच्या आधी लावलं तर चालेल ना?