सहावा महिना, तोंडावर उन्हाळा आणि हातात अडीच हजार : कपड्यांचं कसं जमवू? (कोल्हापूर)

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. सहावा महिना लागलाय, पहिलीच वेळ. डॉक्टरांनी तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली दिली आहे, म्हणजे पोट सगळ्यात मोठं असणार ते नेमकं एप्रिल, मे आणि जूनमध्ये. राहते फुलेवाडीला, उद्यमनगरात एका कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, जाणं-येणं केएमटीच्या बसनं. मे संपेपर्यंत कामावर जायचा विचार आहे.

माझ्या सात कुर्त्यांपैकी पाच छातीत आणि पोटावर बसेनासे झालेत. लेगिंग्जच्या इलॅस्टिकचे संध्याकाळपर्यंत पोटावर लाल वळ उठतात आणि रात्रभर खाजतात. साडी नेसून पाहिली. परकराची नाडी पोटावर बांधली की जळजळ सुरू होते, खाली बांधली की निऱ्या घसरतात. एकदा बसमधून उतरताना पाय निऱ्यांत अडकला. एका काकूंनी दंड धरला म्हणून वाचले. त्या दिवसापासून कामावर साडी बंद.

मागच्या महिन्यात ऑनलाइन एक खास गरोदरपणाची म्हणून कुर्ती मागवली, ८९९ रुपयांची. वर्णनात कॉटन लिहिलं होतं, हातात आलं पॉलिस्टर. दोनदाच घातली तर पोटावर आणि काखेत घामोळं उठलं. टॅग काढला होता म्हणून परतही घेतली नाही. हे पैसे गेल्याचं मनाला फार लागलंय, कारण बाळंतपणासाठी आम्ही दोघं दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकतोय आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलंय. कपड्यांसाठी आता अडीच हजार आहेत, त्यातच आतले कपडे आणि चप्पलसुद्धा. माझी कोल्हापुरी संध्याकाळी अंगठ्यात शिरत नाही.

सासूबाईंनी आपल्या चार जुन्या सुती साड्या काढून दिल्यात. 'धुऊन धुऊन मऊ झाल्यात, गाऊन शिव' म्हणाल्या. घरात गाऊन चालेल, पण ऑफिसात काय घालू? चार महिन्यांसाठी विकत घ्यावं की शिवून घ्यावं? बाळ झाल्यावर पाजतानाही तेच कपडे वापरता येतील असं काही करता येतं का? आणि एप्रिलमध्ये डोहाळजेवण आहे. आई भरजरी हिरवी साडी घ्यायची म्हणतेय. तिची हौस मोडायची नाही, पण त्या उन्हात ती साडी अंगावर घेऊन तीन तास बसायची मला आत्तापासूनच धास्ती वाटतेय.

प्रतिसाद :

ताई, मी घरीच शिलाई करते, म्हणून सविस्तर लिहिते. आधी ते पाच कुर्ते उलटे करून बघा. बाजूच्या शिलाईत माया (आत दुमडून ठेवलेलं जादा कापड) असेल तर उसवून दोन्हीकडून इंच-दीड इंच सहज सुटतो. माया नसेल तर काखेपासून खाली दोन्ही बाजूंना दुसऱ्या कापडाची उभी पट्टी घालायची. जुन्या सुती ओढणीची घातली तर मुद्दाम केल्यासारखी दिसते. एवढ्यात तीन कुर्ते तरी नक्की परत वापरात येतील.

नवीन शिवणार असाल तर छातीखाली जोड आणि तिथून भरपूर चुण्या, असा कुर्ता सांगा. त्याच चुण्यांत दोन्ही बाजूंना उभ्या चेन लपवून बसवता येतात. बाहेरून कळतही नाही, आणि बाळ झाल्यावर पाजायला तोच कुर्ता. एक गोष्ट टेलरला आवर्जून सांगा : पुढची बाजू मागच्यापेक्षा दोन इंच लांब कापायची. पोट वाढलं की कापड पुढून उचललं जातं आणि कुर्ता पुढे आखूड, मागे लांब दिसायला लागतो. आणि नवीन सुती कापड शिवायच्या आधी एक रात्र भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळं माप वाया जातं.

लेगिंग्जचं इलॅस्टिक काढून टाका. जुन्या होजियरी टी-शर्टची वीतभर रुंद पट्टी दुहेरी करून नेफ्याच्या जागी शिवा. ती पोटावरून वर घेता येते, काचत नाही. सलवार असेल तर नाडीची गाठ पोटाखाली आणि जरा बाजूला घ्या.

साड्यांचं म्हणाल तर साडेपाच मीटरच्या साडीत तुमच्या मापाचा घेरदार गाऊन बसून दीड-दोन मीटर कापड उरतं. ते टाकू नका, त्याची बाळाला दुपटी होतील. तुमच्या सासूबाईंनी फार मोलाची गोष्ट दिलीय.

प्रतिसाद :

कापड घ्यायचं असेल तर इचलकरंजीचं कुणी ओळखीचं बघा. तिथे यंत्रमागावरचं पॉपलिन, केंब्रिक असं सुती कापड मीटरवर चांगलं मिळतं. गांधीनगरला जाणार असाल तर बरोबर दोघी-तिघी घ्या, तिथली बरीच दुकानं ठोकवाली, एक नग द्यायला कुरकुरतात. मी तिघींत मिळून गाऊन घेतले होते. सकाळी लवकर जा, दुपारच्या उन्हात त्या गर्दीत फिरू नका.

प्रतिसाद :

पोरी, डोहाळजेवणाला हिरवी इरकल नेस की गं. अंगात सूत, पदर तेवढा रेशमी. आईचं मन बी राहील आन् तुझा जीव बी गुदमरणार नाही. वर खणाचा ब्लाऊज, तो मात्र सैल शिवून घे आन् शिलाईत माया ठेवायला सांग. निऱ्या कुणाकडून तरी पिनेनं पक्क्या करून घे. माझ्या वेळी आम्ही नऊवारीत शेतात जात होतो, पण म्हणून तू सोसावं असं काय नाही. तुला बसमधनं जायचंय.

प्रतिसाद :

मी नर्स आहे. काटकसर बाहेरच्या कपड्यांत करा, आतल्यांत नको. या दिवसांत शरीरातलं रक्ताचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं वाढतं, अंग गरम राहतं, घाम जास्त येतो. घट्ट नायलॉनच्या कपड्यांत जांघेत, छातीखाली ओल राहून बुरशी होते. सुती घ्या, पोटाखाली बसणारे घ्या आणि एकदम सहा आणू नका, माप अजून बदलणार आहे. ब्रा नुसती पाठीमागे घट्ट होत असेल तर सध्या हुक वाढवायची पट्टी लावा, काही रुपयांत मिळते. पाजायच्या ब्रा आठव्या महिन्यानंतर घ्या.

चपलेबद्दल : तुमच्या कोल्हापुरीचा तळ गुळगुळीत चामड्याचा असेल तर ती आता बाजूलाच ठेवा. वळवाच्या पावसात ओल्या फरशीवर ती सरकते. पायाचं माप संध्याकाळी घेऊन मागे पट्टा असलेली, रबरी तळाची सपाट चप्पल घ्या. पोटाचा पट्टा मात्र कुणी सांगितलं म्हणून घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. संध्याकाळी पाय थोडे सुजणं नेहमीचं आहे. पण चेहरा किंवा हात अचानक सुजले, डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

पुन्हा मी :

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत काय केलं ते लिहिते, माझ्यासारख्या आणखी कुणाला उपयोग होईल. ऑफिसातल्या एकीचं माहेर इचलकरंजी, तिनं पाच मीटर केंब्रिक ६०० रुपयांत आणून दिलं. दोन कुर्त्यांची शिलाई ५००, सासूबाईंच्या साड्यांचे दोन गाऊन ४००. जुने तीन कुर्ते मीच उसवून घरी शिवले, एकाची पट्टी जरा वाकडी आलीय पण ओढणीखाली जाते. मागे पट्ट्याची चप्पल ३५०. उरलेल्या ६५० मध्ये आतले कपडे, त्यातले निम्मे आत्ता, निम्मे आठव्या महिन्यात. पोटावरचे वळ गेलेत आणि परवा कित्येक दिवसांनी सलग झोपले. आईला इरकल पटली, तिला तर बहुतेक जास्तच आवडली.

उरलेल्या कापडाची पाच दुपटी झालीत. सासूबाई कडा हातानं शिवतायत.

एकच अडलंय. माझ्या टेलरला चुण्यांत लपवायची चेन जमत नाहीये, दोनदा बसवून दोनदा काढली. रंकाळा, गंगावेस, फुलेवाडी या बाजूला हे काम नीट करणाऱ्या कुणी ताई असतील तर भाग सांगा, मी चौकशी करत जाईन. नंबर इथे उघड्यावर टाकू नका, संदेशात पाठवा.