मॅन बेट १७६५ला राजाकडे गेलं, मग शेतसारा ड्यूककडेच कसा?

यावलची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली, ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवते. पीएच.डी.चा विषय आहे खानदेशातली इनाम-जहागिरीची गावं सरकारजमा कशी झाली. गाईड सरांचा आग्रह, की तुलनेला बाहेरच्या देशातलं एखादं प्रकरण घ्या, नाहीतर समिती म्हणेल बाईंनी तापीच्या पलीकडे पाहिलंच नाही. म्हणून इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं आयल ऑफ मॅन घेतलं. तीनशेहून जास्त वर्षं सरदार घराण्यांची मालकी, मग थेट राजाची सत्ता, आणि कागद जपलेले. वरवर पाहता सोपं प्रकरण.

आता अडले आहे ती अशी. सगळीकडे लिहिलेलं सापडतं की १७६५ साली ब्रिटिश सरकारने ड्यूक ऑफ ॲथॉलकडून ७०,००० पौंडांना बेट विकत घेतलं. ठीक. पण बेटावरच्या सारावसुलीच्या वह्यांबद्दल वाचलं, तर १७६५ नंतरही वसुली ड्यूकच्याच नावाने चाललेली. विकलेल्या मालाचं भाडं विकणारा कसं घेतो? शिवाय १८२८ साली पुन्हा ड्यूकला पैसे दिल्याचा उल्लेख येतो, आणि तो आकडा पहिल्याच्या जवळजवळ सहापट.

दुसरं म्हणजे मुळात कोणते कागद पाहायचे आणि ते आहेत कुठे? मला परदेशवारी परवडणारी नाही. पगार तुम्हाला ठाऊकच आहे, तोही वेळेवर झाला तर.

भुसावळी_जंक्शन

ताई, एवढं लांब कशाला जाताय? आपली मुंबईची बेटं काय वाईट? १६६१च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर चार्ल्स राजाला आंदण मिळाली, १६६८ला त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. बेट, राजा, मालकी, सगळं बसतं. आणि मुंबईचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी दारात उभं राहता येतं.

जुनं_दप्तर

भुसावळकर, मुंबईचं प्रकरण उलट्या दिशेचं आहे. तिथे राजाने बेट कंपनीला दिलं. ताईंना सरदाराकडून राजाकडे आलेलं हवं. त्यांचं बेट बरोबर आहे, राहू द्या.

ताई, मी धुळ्याचा. उभी नोकरी महसूल खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्यामुळे इतिहासाचा पंडित नाही, पण कागद कोणी, कशासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिला हे हुंगायची सवय लागली आहे. निवृत्तीनंतर हाच नाद. या बेटावर मी बरंच वाचलंय, कारण तिथली भांडणं आपल्या इनामदारांच्या भांडणांसारखीच आहेत.

तुमचा पहिला प्रश्न. बेट विकलं असं सगळे म्हणतात, पण १७६५च्या खरेदीच्या कायद्यात काय विकलं यापेक्षा काय राखून ठेवलं ते आधी वाचा. खरेदीखतात आपण चतुःसीमेनंतर लगेच बोजा आणि राखीव हक्क बघतो की नाही, तसंच. सरकारने घेतली ती राज्यसत्ता आणि तिच्याबरोबरची जकात. जमिनीवरचे हक्क, सारा, पडीक माळ, खाणी, गिरण्या, मासेमारी आणि बिशप नेमण्याचा अधिकारसुद्धा ड्यूक आणि डचेसकडेच राहिला. त्याबद्दल त्यांनी राजाला वर्षाला १०१ पौंड १५ शिलिंग ११ पेन्स द्यायचे, आणि प्रत्येक राज्याभिषेकाला दोन बहिरी ससाणे. हे ससाणे १४०६च्या देणगीपासून चालत आलेले. इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीने स्टॅनली घराण्याला बेट वंशपरंपरेने दिलं तेव्हाची ती अट; पुढे वारशाने बेट ॲथॉलच्या ड्यूककडे आलं. १८२१ला चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकात ड्यूकने खरंच ससाणे नेऊन दिले. मला हे वाचून फार गंमत वाटली. म्हणजे राज्य गेलं, पण नजराणा चालू.

तेव्हा तुमच्या वह्यांत काही गोम नाही. १७६५ला राजा बदलला, जमीनमालक बदलला नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या साली फारसं काही घडलंच नाही. घडलं ते व्यापाऱ्यांचं.

कारण मूळ दुखणं चोरट्या व्यापाराचं होतं. बेटावर लॉर्डची, म्हणजे मालक सरदाराची, जकात अगदी हलकी. चहा, ब्रँडी, रम, तंबाखू तिथे उतरवायचा, थोडकी जकात भरायची, आणि रात्री होड्यांतून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या किनाऱ्याला लावायचा. बेटापुरता तो व्यापार कायदेशीर, समुद्र ओलांडला की चोरी. लंडनच्या तिजोरीला भोक पडलेलं आणि लॉर्डची तिजोरी त्याच भोकातून भरतेय. १७२६लाच पार्लमेंटने बेट विकत घ्यायची मुभा ट्रेझरीला, म्हणजे सरकारी तिजोरीच्या खात्याला, दिली होती, पण सौदा जुळेना. जानेवारी १७६४ला दुसरा ड्यूक वारला आणि वारसा त्याच्या मुलीकडे, शार्लटकडे आला. तिचा नवरा तिचाच चुलतभाऊ, तो तिसरा ड्यूक झाला. कागदांत पुढे नाव ड्यूकचं दिसतं, पण बेट बायकोच्या हक्काचं होतं, हे तुमच्या प्रबंधात जरूर टाका. आपल्याकडेही किती वतनं अशी लेकीच्या बाजूने गेली आणि नावं जावयाची लागली!

ग्रेनव्हिल तेव्हा पंतप्रधान. १७६५लाच अमेरिकेवर स्टॅम्प ॲक्ट, म्हणजे कागदपत्रांवरचा कर, लादला तोच हा गृहस्थ. पै-पै गोळा करायची घाई झालेला. त्याने नवराबायकोला सांगितलं, दहा वर्षांच्या उत्पन्नाचा गोषवारा द्या आणि किंमत बोला. दुसरीकडे किनाऱ्यावर झडत्या घ्यायचा कायदा तयारच ठेवला. बेटावरचे लोक त्याला आजही 'मिस्चिफ ॲक्ट' म्हणतात. विकलं नाही तरी धंदा बसणारच, मग विकलेलं बरं, असा तो सौदा. ७०,००० पौंड रोख आणि दोघांच्या हयातीपर्यंत वर्षाला २,००० पौंड. ११ जुलै १७६५ला बेटावरच्या कॅसल रशेन किल्ल्यावर लॉर्डचं निशाण उतरलं, राजाचं चढलं. ग्रेनव्हिलचं स्वतःचं मंत्रिमंडळ आदल्याच दिवशी गेलं होतं.

आता कागद. आमच्या अहिराणीत सांगायचं तर बठ्ठं एकच जागावर सापडाव नही. विकणाऱ्याने नेलेले वेगळे, घेणाऱ्याने तयार केलेले वेगळे आणि जागेवर राहिलेले वेगळे. विकणाऱ्याचे म्हणजे 'ॲथॉल पेपर्स'. त्यांचा मोठा भाग आज बेटावरच, डग्लसला मॅन्क्स नॅशनल हेरिटेजच्या ग्रंथालयात आहे, आणि घराण्याचं खासगी दप्तर स्कॉटलंडात ब्लेअर कॅसलला. घेणाऱ्याचे कागद म्हणजे ट्रेझरीचे, ते लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. जागेवर राहिलेले म्हणजे कोर्टाची आणि जमिनीची दप्तरं, आणि माझ्या मते तुमचा जीव तिथे अडकला पाहिजे.

त्यात दोन मालिका बघा. 'लिबर असेडेशनिस' म्हणजे कोणाकडे कोणती जमीन आणि सारा किती, त्याची पॅरिशवार (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) यादी, आपला ८-अ समजा. 'लिबर वास्तारुम' म्हणजे त्यात झालेले बदल, कोण मेलं, कोणी विकलं, कोणाचं नाव चढलं, म्हणजे थेट आपली फेरफार वही. या मालिकेचे सर्वांत जुने कागद १५११ सालच्या आसपासचे. १७०४च्या सेटलमेंट कायद्याने तिथल्या कुळांची जमीन वंशपरंपरागत झाली आणि सारा कायमचा ठरला, म्हणून त्यानंतरच्या याद्यांत आकडे हलत नाहीत, फक्त नावं हलतात. एकच क्वार्टरलँड, म्हणजे तिथलं जुनं मोठं शेत, धरा आणि १७६० ते १८३० त्याच्यावरची नावं उतरवत जा. ११ जुलै १७६५ तुम्हाला तिथे दिसणार नाही. हाच तुमचा पुरावा.

एक सावधगिरी. सगळे अभ्यासक १७९२च्या कमिशनरांच्या अहवालावर तुटून पडतात, कारण तो छापील आहे, पुरवण्यांसकट जाडजूड आहे, साक्षी आहेत, जुन्या कागदांच्या नकला आहेत. पण तो अहवाल जन्मला कसा? शार्लटचा मुलगा, चौथा ड्यूक, १७८१पासून ओरडत होता की आईबापांना घाईत कमी पैसे देऊन फसवलं. त्याच्या अर्जावर चौकशी बसली. म्हणजे साक्षीदारांना प्रश्न विचारले गेले ते ड्यूकचं नुकसान किती, याभोवतीचे. कुळांना काय वाटत होतं ते त्यात वाकडंतिकडं, कोपऱ्यात सापडेल. माझ्या उभ्या नोकरीत एकच शहाणपण मिळालं: भरपाईसाठी लिहिलेल्या कागदात उत्पन्न फुगलेलं असतं आणि सारा भरायच्या कागदात तेच उत्पन्न आटलेलं.

आपल्याकडे इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनचंही हेच आहे. १८५२चा ११वा कायदा, पुण्याचं एलियनेशन ऑफिस, आणि इनामदाराने दिलेली कैफियत. प्रत्येक कैफियतीत पणजोबा शूर आणि सनद मात्र जळालेली किंवा वाळवीने खाल्लेली.

यावलची_मास्तरीण

नाना, एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच आभारी आहे. 'काय राखून ठेवलं ते आधी वाचा' हे तर माझ्या यावललाही लागू होतं. १८१८ला खानदेश इंग्रजांकडे आला असं आम्ही मुलांना एका ओळीत शिकवतो. मंदसोरचा तह, होळकर, थाळनेर, कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात आला, संपलं. पण यावल, चोपडा, पाचोरा हा शिंद्यांचा मुलूख कायमचा इंग्रजांकडे आला १८४३-४४ला. एका जिल्ह्यात दोन-तीन 'कधीपासून'.

पण १८२८चं कोडं राहिलंच. आधी ७०,००० आणि नंतर ४,१७,१४४ पौंड? राज्यसत्ता स्वस्त आणि सारा महाग, असं कसं? शिवाय लोकांनी काही केलंच नाही का? ड्यूक, ट्रेझरी, कमिशनर सगळे बोलतात, कुळं गप्प.

लिव्हरपूलचा_जळगावकर

मी इकडे नोकरीला, मूळ जळगाव. डग्लसला बोटीने जाता येतं, एकदा मित्रांबरोबर गेलो होतो. बाकीचे ट्राम बघायला गेले आणि मी मॅन्क्स म्युझियमच्या वाचनकक्षात बसलो, घरचे अजून हसतात. ताई, परदेशवारीची इतक्यात काळजी करू नका. त्यांच्या 'आयम्युझियम' या संकेतस्थळावर शोधसूची आहे, आधी तिथे तुमची यादी पक्की करा, मग आर्काइव्हला मेल टाका. 'बेट राजाकडे गेलं त्याबद्दलचं काहीही पाठवा' असं लिहिलंत तर सभ्य भाषेत नकार येईल. पॅरिश, साल आणि मालिका लिहिली की माणूस तुमच्यासाठी उठतो.

अठराव्या शतकातलं इंग्रजी अक्षर वाचायला फारसं जड नाही. मी पाहिलेल्या वहीत आकड्यांचे तीन रकाने होते, पौंड, शिलिंग, पेन्स, आणि शेताच्या नावासमोर आधीच्या माणसाचं नाव खोडून बारीक अक्षरात वर नवं चढवलेलं. शाईचा रंगसुद्धा वेगळा. जुन्या वह्या लॅटिनमध्ये आणि वळण अवघड, तिकडे जाऊ नका.

आणि कुळं गप्प नव्हती. १८२५ला बटाट्यावरच्या दशमांशावरून दंगा झाला. बिशप होता ड्यूकचाच पुतण्या, जॉर्ज मरे. त्याने बटाट्यांवर चर्चचा दहावा हिस्सा मागितला आणि लोक उठले. शेवटी मागणी मागे घ्यावी लागली. बिशप नेमायचा हक्क ड्यूकने १७६५ला राखून ठेवला होता असं नानांनी वर लिहिलंय, त्याचं हे फळ.

जुनं_दप्तर

जळगावकर, बटाट्याचं बरं आठवलं तुम्हाला.

ताई, १८२८च्या आकड्याचं. ती एका हक्काची किंमत नव्हे. चौथा ड्यूक १७९३ला बेटाचा गव्हर्नर होऊन बसला. जे आईबापांनी विकलं तिथेच पगारी साहेब! १८०५ला त्याने पार्लमेंटकडून बेटाच्या जकातीत कायमचा हिस्सा मिळवला. १८२५च्या कायद्याने उरलंसुरलं सगळं घ्यायचं ठरलं तेव्हा हा हिस्सा, सारा, दशमांश, बिशपच्या नेमणुकीचा हक्क, खाणी अशी एकेका कलमाची किंमत लावत लावत १८२८ला बेरीज ४,१७,१४४ झाली. म्हणजे १७६५ला विकलेल्या जकातीचेच पैसे सरकारने काही अंशी दुसऱ्यांदा मोजले. राज्यसत्ता स्वस्त गेली ती घाईमुळे आणि धाकामुळे. बाकीचं महाग पडलं, कारण मधली साठ वर्षं एक माणूस अर्जावर अर्ज लिहीत बसला होता. कागद जो जास्त लिहितो त्याला जास्त मिळतं, हे मी कचेरीच्या खिडकीतून रोज बघितलंय. कुळाकडे वकील नसायचा, म्हणून त्याचं म्हणणं दंग्याच्या चौकशीत सापडतं, अर्जात नाही.

त्यानंतर सारा राजाच्या वतीने वुड्स अँड फॉरेस्ट्स खात्याकडे जाऊ लागला. तुमच्या क्वार्टरलँडच्या वहीत बदल दिसला तर तो इथे दिसेल.

भुसावळी_जंक्शन

दहा पौंडांत मुंबई आणि चार लाख सतरा हजारात बटाट्याचं बेट. इंग्रजाला हिशेब येत होता असं उगाच म्हणतात.

यावलची_मास्तरीण

मालू पॅरिश घेते. कॅसलटाऊन आणि किल्ला त्यातच येतो, म्हणजे निशाण बदललं त्याच्या अगदी पायथ्याची शेतं. १७६०, १७७०, १८२० आणि १८३० या चार सालांच्या पानांसाठी आज रात्री मेल टाकते. जळगावकर दादा, मेलचं इंग्रजी एकदा नजरेखालून घालाल का?

आणि नाना, यावलकडचे काही मोडी कागद एका घरातून मिळाले आहेत, शिंदेशाहीच्या काळातले असावेत. पहिल्या दोन ओळी मला लागतात, पुढे अक्षर पळतं. फैजपूर-सावद्याकडे मोडी वाचणारं कोणी आहे का?

जुनं_दप्तर

लांब कशाला, स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि पाठवा. फ्लॅश नको, कागद सपाट ठेवा, मागची बाजूही घ्या. शेरा बहुतेक मागेच असतो. ज्यांच्या घरचे कागद आहेत त्यांना आधी विचारा, आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, माझ्यासुद्धा. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी 'झेरॉक्स मारून आणतो' म्हणून नेलेली सनद अजून परत आलेली नाही.