रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप मेथडिस्ट पाळक होते का? त्यांच्या घराण्याविषयी माहिती हवी आहे

प्रश्न – सदरवासी

नमस्कार. आमच्या मंडळीच्या वार्षिक अंकासाठी नागपुरातील पहिल्या मिशनऱ्यांवर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एका जुन्या अंकात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा उल्लेख ‘मेथडिस्ट पाळक’ असा छापलेला आढळला. माझी आजीही त्यांना मेथडिस्टच म्हणत असे, त्यामुळे इतकी वर्षे मला त्यात शंका घेण्यासारखे काही वाटले नाही. आता मात्र लेख माझ्या नावाने जाणार असल्यामुळे खात्री करून घ्यावीशी वाटते. ते खरोखर मेथडिस्ट होते का? आणि त्यांचे आईवडील, भावंडे, पत्नी यांच्याविषयी काय सांगता येईल? आपल्याकडे हिस्लॉप म्हटले की कॉलेज आठवते, पण त्या नावामागचा माणूस कोणत्या घरातून आला हे फारसे कुणी विचारत नाही.

उत्तर – महालचा वाचक

ताई, ते मेथडिस्ट नव्हते. हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन परंपरेतले होते. पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदारांकडे असावा की मंडळीकडे, या वादातून 1843 साली साडेचारशेहून अधिक पाळकांनी स्कॉटलंडचे सरकारमान्य चर्च सोडले. त्यासोबत राहती घरे आणि पगारही सोडले आणि फ्री चर्च उभे केले. त्या घटनेला दोन वर्षे होण्याआधीच, फेब्रुवारी 1845 मध्ये, हिस्लॉप नागपुरास पोहोचले. त्या वेळी येथे तिसरे रघूजी भोसले गादीवर होते. अमेरिकन मेथडिस्टांचे विल्यम बटलर हिंदुस्थानात उतरले ते 1856 साली, आणि त्यांनी काम सुरू केले ते बरेलीकडे. विल्यम टेलर यांच्या प्रचारातून मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली 1871–72 च्या सुमारास, म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर.

हा केवळ नावाचा फरक आहे असे समजू नये. अमेरिकन मेथडिस्ट व्यवस्थेत पाळकाची नेमणूक आणि बदली वार्षिक परिषदेत बिशप करतात, तर प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत बिशप नसतात आणि मंडळीतून निवडलेले ‘वडील’ पाळकांच्या बरोबरीने बसून निर्णय घेतात. हिस्लॉप यांचे घर नेमके अशाच एका वडिलांचे होते. बेरविकशायर परगण्यातील डन्स या गावी 1817 साली त्यांचा जन्म झाला. त्यांच्या पित्याचे नावही स्टीफनच होते. ते व्यवसायाने गवंडी आणि तेथील रिलीफ चर्चचे (हीही एक प्रेस्बिटेरियन मंडळी) वडील होते. या घरातले दोन मुलगे पाळक झाले. थोरले अलेक्झांडर यांची 1844 मध्ये आर्ब्रोथ येथील फ्री चर्चमध्ये नेमणूक झाली. रोमन कॅथलिक चर्चवर कठोर टीका करणारे त्यांचे पुस्तक पुढे पुष्कळ गाजले. माझ्या मते त्या पुस्तकापेक्षा धाकट्या भावाचे नागपुरातले काम कितीतरी अधिक टिकाऊ ठरले आहे. 1844 मध्येच स्टीफन यांचा इरॅस्मा हल यांच्याशी विवाह झाला आणि वर्षअखेरीस नवदांपत्य हिंदुस्थानात आले. 1858 ते 1860 या काळातील मायदेशाची रजा सोडली तर पुढची सारी वर्षे त्यांनी याच मुलखात काढली.

उत्तर – भूगर्भशास्त्राचा निवृत्त शिक्षक

वरील उत्तरात गवंडी वडिलांचा उल्लेख आला, त्यावरून लिहितो. दगड फोडणाऱ्या, घडवणाऱ्या माणसाचा मुलगा दगडाकडे किती बारकाईने पाहत असेल, याचा विचार मी नेहमी करतो. आता शहराच्या पोटात गेलेल्या टाकळीला हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. तसा एक तुकडा आमच्या वर्गात ठेवलेला असे: राखाडी, कडक चर्ट (गारेसारखा दगड) आणि त्यात नखाएवढ्या गोगलगायीचा पीळ, इतका स्पष्ट की मुले त्यावरून बोट फिरवून वेढे मोजत. लाव्ह्याचे दोन प्रवाह येऊन गेले, पण मधल्या काळात येथे तळी होती आणि त्यांत जीव नांदत होते, हे त्या एका तुकड्यावरून समजावता येत असे. या दोघांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरील निबंध 1855 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मिळणाऱ्या हिरवट कॅल्साइटला ‘हिस्लोपाइट’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

उत्तर – बुटीबोरीकर

मृत्यूची हकीकत लेखात अवश्य घ्यावी. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराने भरलेला प्रवाह घोड्यावरून ओलांडत असता ते बुडाले. सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला अवघे चार दिवस उरले होते. आम्ही लहानपणी श्रावण-भाद्रपदात या भागातले नाले पाहिले आहेत. वरून पाणी संथ दिसते आणि पाय टाकला की खालची माती सरकते, त्यामुळे ही हकीकत वाचली की मला ती परक्या देशातल्या माणसाची वाटत नाही.

त्यांच्या मागे राहिलेले कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये संपादित करून छापले. त्यात गोंड समाजाविषयीच्या टिपणांबरोबर एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाच्या, तोंडून उतरवून घेतलेले लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाचे दीर्घ गीत मूळ गोंडीत आहे. माझ्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या कामात याचे मोल सर्वांत मोठे आहे.

उत्तर – महालचा वाचक

आजींच्या बोलण्याविषयी एक राहिले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना आपल्या नागपुरातच झाली. प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन आणि इतर मंडळ्या त्यात एकत्र आल्या, परंतु वाटाघाटींत वर्षानुवर्षे सहभागी असलेली अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. त्या काळी घराघरांत या नावांची इतकी चर्चा होती की कोण कुठले याची सरमिसळ होणे स्वाभाविक होते. आजींना दोष देऊ नये.

प्रश्नकर्ती – सदरवासी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. जुन्या अंकातील ओळीची दुरुस्ती पहिल्याच पानावर चौकटीत द्यावी असे मी संपादकांना सुचवले आहे. तिचा मजकूर असा असेल: ‘रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्चचे प्रेस्बिटेरियन मिशनरी होते, डन्स गावच्या एका गवंड्याचे आणि मंडळीच्या वडिलांचे पुत्र.’