बिलावर 'लाइफटाइम' लिहिलंय, डोंगल चालत नाही. आता काय करायचं?

बार्शीचा छापखाना

नमस्कार मंडळी. बार्शीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, कधीमधी एखाद्या शाळेची स्मरणिका. मी मशीनवर, बायको कंपोझला आणि बाइंडिंगला एक पोरगा, एवढाच कारभार.

२००९ साली मराठी टायपिंगचं आणि फॉन्टांचं एक पॅकेज घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून बोलणं चालू आहे. साडेचौदा हजार, रोख. तेव्हा आमच्या ऑफसेट मशीनचा हप्ता सहा हजार होता, यावरून काय ते समजा. डीलर सोलापुरातून स्वतः आला, सीडी आणि डोंगल (यूएसबीत लावायची किल्ली, ती असली तरच पॅकेज चालतं) दिला, कीबोर्डचा तक्ता भिंतीला चिकटवून दिला, आणि चहा पिता पिता बिलावर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'लाइफटाइम, एक मशीन'. ते बिल अजून आहे. शाई पिवळी पडलीय पण वाचता येतं.

त्या पॅकेजनं इतकी वर्षं इमानानं पोट भरलं, हे आधी सांगतो. उगाच नावं ठेवायची नाहीत.

यंदा जुलैत एका संध्याकाळी लाइट चार वेळा गेली-आली आणि मदरबोर्ड जळला. नवा कॉम्प्युटर आणला, त्यात विंडोज ११. डोंगल लावला तर दिवाच लागेना. बोटानं जरा वर धरला की लुकलुकतो, सोडला की विझतो. धरून बसलो तरी ड्रायव्हर, म्हणजे डोंगल ओळखणारा छोटा प्रोग्रॅम, बसत नाही, एरर येते.

कंपनीला फोन केला. म्हणाले, "सर, ते व्हर्जन आता सपोर्टमध्ये नाही." म्हटलं, डोंगल बदलून द्या, होतील ते पैसे घ्या. "त्या व्हर्जनचे डोंगल आता येत नाहीत सर, तुम्ही वार्षिक प्लॅन घ्या." वर्षाला नऊ हजार, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दुसऱ्याच वर्षी जुन्या पॅकेजची किंमत पार. मी विचारलं, एखाद्या वर्षी नाही भरले तर? "मग टायपिंग बंद होईल सर." असं सांगितलं, जसं काही नळाचं पाणी दुपारी जातं.

माझे वडील खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, काम करायचे. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, खणाखणांच्या लाकडी केसा, त्यातनं एकेक खिळा उचलून जुळवायचा. 'ळ' कमी पडला की पहिलं पान छापून सोडायचं, मग तेच खिळे दुसऱ्या पानाला. ऑफसेट आल्यावर सगळे खिळे किलोवर विकले, शिशाचा भाव आला. पण विकायला ते आमचे होते. यंदाचा हप्ता आला नाही म्हणून 'क'ची खण रिकामी करून कुणी नेली नव्हती.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ग्राहक मंचात जाता येतं का? आणि तोवर काम कसं करू? ३० सप्टेंबरच्या आत पतसंस्थांना सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, माझ्याकडे चार अहवाल अडकलेत. मागच्या वर्षीच्या फाइलीत आकडे बदलले की अहवाल होतो, पण फाइल उघडली की सगळं इंग्रजी चिन्हांचं कडबोळं.

तिरपा रफार

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आधी कामाचं सांगतो.

जुन्या मशीनचा मदरबोर्ड जळलाय, हार्डडिस्क नाही. ती काढून यूएसबीच्या डबीत घाला आणि नव्या मशीनला लावा. विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं, त्यात तुमच्या पॅकेजचे फॉन्ट सापडतील. ते बसवले की निदान फाइली वाचता येतील. पुष्कळ पॅकेजांत डोंगल टायपिंगला लागतो, फॉन्ट दिसायला लागत नाही. तुमच्यात तसंच आहे का, ते लावूनच कळेल. बॅकअपची चिंता नको: कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची सुरक्षेसाठी प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे.

एरर का येते? तुमचा ड्रायव्हर ३२ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच निघालं, ते असला ड्रायव्हर आत घेतच नाही. उपाय म्हणजे नव्या मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर) करून त्यात ३२ बिटचं विंडोज ७ चालवा आणि यूएसबी आत जोडून द्या. फक्त त्याला इंटरनेट देऊ नका, विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत.

आता जरा कटू. डोंगलला तुम्ही कुलूप समजताय, पण कुलूप तुमच्या फाइलीतच आहे. या जुन्या फॉन्टांत 'क' हा 'क' नसतोच. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं, काना वेगळा, रफार वेगळा, आणि कुठलं चित्र कुठे हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. म्हणून एकाची फाइल दुसऱ्याकडे कडबोळं होते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर असतो. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये त्याचा मंगल फॉन्ट आला होता. तुम्ही २००९ ला पैसे मोजलेत तेव्हा दुसरी वाट होती, फक्त डीलरला ती सांगण्यात रस नव्हता.

बार्शीचा छापखाना

रफार साहेब, तेव्हा युनिकोड पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, चालत नव्हतं. घातलं की नुसते चौकोन. आणि तालुक्यातले सगळे पेजमेकरवरच होते, ऑफसेटच्या प्लेट काढणाऱ्यालासुद्धा तीच फाइल लागायची. त्यामुळे दुसरी वाट होती म्हणता, ती आमच्या दारापर्यंत आली नव्हती. बाकी हार्डडिस्कचं आजच करतो.

तिरपा रफार

हे खरं. शब्द मागे घेतो.

पासबुक

बँकेतून निवृत्त आहे, वकील नाही. लोकांच्या ग्राहक तक्रारी लिहून देतो, त्या अनुभवावर सांगतो.

पहिला अडथळा तुम्ही विचारलाच नाहीत, पण समोरचा वकील तोच काढेल: "हा धंद्यासाठी घेतलेला माल, हे ग्राहकच नाहीत." घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक कारणा'त धरायची नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंगचा निकाल आहे, त्यात मदतीला एकदोन माणसं घेतली म्हणून ग्राहकपण जात नाही, असं म्हटलंय. मी, बायको आणि एक पोरगा, हे वाक्य तक्रारीत जसंच्या तसं लिहा.

कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता वा धंदा करता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, म्हणजे सोलापूरला. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. तुमचं कारण २००९ मध्ये घडलं नाही, नकार मिळाला तेव्हा घडलं. म्हणून तो नकार लेखी हवा. फोनवरच्या "सर, सर"ला ग्राहक आयोगात (मंचाचं आताचं नाव) शून्य किंमत. आधी एक मेल टाका, एक रजिस्टर्ड पत्र पाठवा. १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, कित्येकदा तिथेच मिटतं.

आता स्पष्ट बोलतो, रागावू नका. 'लाइफटाइम' हा शब्द ऐकायला गोड, पण आयुष्य कुणाचं? तुमचं, मशीनचं, की त्या व्हर्जनचं? कंपनी म्हणणार, व्हर्जनचं. शिवाय हे डीलरच्या हस्ताक्षरात आहे, कंपनी त्याच्यापासून हात झटकेल. म्हणून 'नवीन विंडोजवर चालवून द्या' अशी मागणी करू नका, ती टिकणार नाही. 'मी विकत घेतलेल्या व्हर्जनचा नादुरुस्त डोंगल वाजवी पैसे घेऊन बदला, नाहीतर डोंगलशिवाय ते उघडायची सोय द्या' एवढंच मागा. मागणी जितकी लहान, तितकं नाही म्हणणारा वाईट दिसतो.

२०२३ च्या डार्क पॅटर्नवाल्या (ऑनलाइन गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्यांवरच्या) मार्गदर्शक सूचनांतलं 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' इथे कुणीतरी सांगेलच. ते वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड करण्याबद्दल आहे. तुमच्या प्रकरणात ओढून आणू नका, तक्रार पातळ होते. आणि त्या बिलाची आजच्या आज झेरॉक्स काढा. दोन काढा.

चिपळूणची डीटीपीवाली

दादा, माझा डोंगल २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात गेला. दुकानात छातीभर पाणी. सीपीयू तांदळात ठेवून वाळवला (हसू नका, तेव्हा सगळे सांगत होते). माझी कंपनी वेगळी, पण उत्तर हेच.

मी त्या रागात युनिकोडवर आले. सोपं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून (जुन्या फॉन्टाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) काढल्या तेव्हा नव्वद टक्के मजकूर बरा यायचा आणि उरलेल्या दहात जीव जायचा. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' व्हायचं, सगळीकडे. ऱ्हस्व इकार जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप करतो ना, तो कधी मागच्या अक्षराला जाऊन चिकटायचा. एका पत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नाव असं काही झालं की मामा लग्नाला आला, पण माझ्याशी अजून बोलत नाही.

आकड्यांकडे नीट बघा. जुन्या फॉन्टात मराठी आकडे इंग्रजी आकड्यांच्याच जागेवर असतात, कन्व्हर्ट केल्यावर काही ठिकाणी १, काही ठिकाणी इंग्रजी वन, अशी भेसळ होते. पतसंस्थेच्या ताळेबंदात ती राहिली तर सभेत तुमचं नाव निघेल.

आता मी लिब्रेऑफिसमध्ये मजकूर घेते आणि मुक्ता, बालू असले फुकटचे फॉन्ट वापरते. ते मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेत, छान आहेत. पानांची मांडणी स्क्रायबस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. पत्रिकेचे नक्षीदार फॉन्ट मात्र जुन्यातच चांगले होते, हे मान्य करायला हवं. गिऱ्हाईक अजून "तो आधीचा वळणदार पाहिजे" म्हणतंच.

अहवालाची घाई असेल तर यंदा कन्व्हर्ट करू नका. जुनंच कसंबसं चालू करा.

खण आणि खिळा

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, शिव्या खायच्या तयारीनं. नव्वदच्या दशकात मी एका फॉन्ट करणाऱ्या छोट्या कंपनीत होतो. आम्ही एक फॉन्ट सहासहा महिने काढायचो. हातानं, मोठ्या कागदावर, मग स्कॅन, मग एकेक जोडाक्षर. 'ष्ट्र' नीट बसावा म्हणून आठवडा जायचा. आणि बाजारात गेला की एका सीडीवर अख्खा जिल्हा छापायचा. डोंगल आम्ही हौसेनं लावला नाही. माझी कंपनी त्यातच बुडाली. आता वर्षाला पैसे मागतात म्हणून राग येतो, पण एकदाच दिलेल्या साडेचौदा हजारांत कुणी सोळा वर्षं फोन उचलत बसेल का?

बार्शीचा छापखाना

शिव्या कशाला. खरं सांगतो, २००९ च्या आधीची पाच वर्षं मी तशाच उतरवलेल्या सीडीवर काढली. लाज वाटायची, म्हणूनच हप्ते थकलेले असताना रोखीनं विकत घेतलं. ज्यांनी घेतलं नाही ते माझ्या गल्लीतले दोघं अजून फोडलेल्या व्हर्जनवर मजेत आहेत. त्यांचा डोंगल मरत नाही, कारण त्यांच्याकडे तो नाहीच! बिल असलेला मीच अडकलो. तुमच्या 'ष्ट्र'चे पैसे द्यायला माझी ना नाही. नवीन काही दिलंत तर नवे पैसे घ्या. पण माझ्या स्वतःच्या फाइलीतला 'अध्यक्षीय मनोगत' बदलायला दर वर्षी भाडं?

बार्शीचा छापखाना (सतरा दिवसांनी)

काय झालं ते सांगायचं राहिलं होतं, कामात होतो.

हार्डडिस्क वाचली. रफार साहेब, फॉन्ट निघाले, फाइली दिसल्या. दिसल्या, पण टाइप करता येईना, म्हणजे डोंगल लागणारच. व्हर्च्युअल मशीन भाच्यानं करून दिलं, पण डोंगल मधेच सुटायचा.

शेवटी डोंगल घेऊन स्टँडजवळच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे गेलो. त्यानं खटकन टोपण उघडलं, भिंग लावलं आणि मला दाखवलं: यूएसबीच्या चार पायांपैकी एकाचा डाग (सोल्डरचा जोड) निखळला होता. केसाएवढी चीर. वर धरला की पाय टेकायचा, म्हणून लुकलुकायचा. दोन मिनिटांत डाग दिला, दीडशे रुपये घेतले. मी विचारलं, हे कंपनीला नसतं करता आलं? तो म्हणाला, "काका, त्यांना डाग द्यायचा नसतो."

मित्राच्या मेडिकलमध्ये एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, विंडोज ७, ३२ बिट. तो आणला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. बायकोनं पहिला शब्द टाइप केला 'अहवाल', आणि ताबडतोब मला चहा करायला पाठवलं. चारही अहवाल गेले, शेवटचा २३ तारखेला. प्रत्येक फाइलीची पीडीएफ काढून दोन पेनड्राइव्हवर ठेवलीय. दिवाळीनंतर चिपळूणच्या ताईंच्या वाटेनं जायचं ठरवलंय, आधी बिलबुकं, पत्रिका सगळ्यात शेवटी.

पासबुक काका, पत्र रजिस्टर्डनं पाठवलंय, तुम्ही सांगितलेली लहान मागणी तेवढीच. पोचपावती आलीय, उत्तर नाही. १९१५ वर नोंद केली, नंबर मिळाला. डोंगल चालू झाल्यावर पत्राचा उपयोग काय असं बायको विचारते. मी म्हटलं, डाग पुन्हा निखळेल तेव्हा कामाला येईल.

मेडिकलवाल्याचा कॉम्प्युटर परत करायचाय. कुणाकडे ३२ बिटच्या विंडोज ७ चा जुना लॅपटॉप विकायला असेल तर सांगा. बॅटरी गेलेली चालेल, यूएसबीचं तोंड घट्ट पाहिजे.