अजिंठा-वेरूळच्या देवी, अप्सरा जपानीत कशा सांगायच्या?

लेणीवाट:
जपानी पर्यटकांसाठी माहितीची तयारी चालू आहे. कोशात देवीला 'मेगामी' आणि सुंदर बाईला 'बिजिन' एवढंच सापडतं. गंगा, तारा, हारिती, अप्सरा, सगळ्यांना मेगामी म्हटलं तर चालतं का?

फर्दापूरकर:
सरसकट नाही चालत, दादा. मूर्ती कोणाची आहे ते आधी ठरवा. कैलास लेण्यातल्या गंगा-यमुना 'कावा नो मेगामी', म्हणजे नदीच्या देवी. तिथं शब्द चपखल बसतो. पण औरंगाबाद लेण्यांतली तारा बौद्ध परंपरेतली, ती 'बोसात्सु', म्हणजे बोधिसत्त्व. अजिंठ्याच्या १ नंबरमधला पद्मपाणी तर पुरुष आहे. चेहरा कोवळा दिसतो म्हणून त्याला मेगामी म्हणाल तर बौद्ध धर्माची जाण असलेला माणूस लगेच टोकेल.

१७ नंबरमधली अप्सरा म्हणजे 'तेन्न्यो'. गळ्यातले हार एका बाजूला झुकलेत, त्यावरून ती उडतेय हे कळतं. ते बोटानं दाखवा आणि 'हितेन' म्हणा. उडणाऱ्या स्वर्गीय आकृतींचा हा शब्द स्त्री-पुरुष दोघांना चालतो. 'तेन्न्यो'तला पहिला न् पूर्ण थांबून म्हणायचा, 'तेन्यो' करू नका.

खरी मजा २ नंबरमध्ये. मुख्य गाभाऱ्याच्या उजवीकडच्या छोट्या गाभाऱ्यात यक्ष पांचिक आणि मांडीवर मूल घेतलेली हारिती आहे. 'हारिती' म्हणून समोरच्याला काही उमगणार नाही, 'किशिमोजिन' म्हणा. मुलांची राखणदार म्हणून तिची जपानात आजही पूजा होते, तिथं तिच्या हातात बहुधा डाळिंब असतं.

गोदाकाठ:
सरस्वतीची 'बेन्झाइतेन' झाली, हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य. बासरच्या सरस्वतीचा विषय निघाला तर हे नाव सांगितलं की पुढचं सोपं होतं. लक्ष्मीची 'किश्शोतेन'. मात्र तिकडं तिचा नवरा बहुधा बिशामोनतेन, म्हणजे आपला वैश्रवण (कुबेर), मानतात. विष्णूची बायको म्हणून थेट ओळख दिलीत तर समोरचा गोंधळतो.
देव मोजताना 'हाशिरा' वापरतात, शब्दशः खांब. माणसं मोजायचा 'निन' लावू नका.

लेणीवाट:
आणि अप्सरेला 'बिजो' म्हटलं तर? पर्यटक ताईंना 'बिजिन' म्हणणं कितपत बरं?

फर्दापूरकर:
'बिजो' म्हणजे नुसती रूपवती, त्यात स्वर्ग येत नाही. अप्रतिम लावण्यासाठी 'झेस्सेइ नो बिजो' आहे, पण तो पुस्तकी वाटतो. 'केइसेइ' टाळाच. राज्य बुडवणारं सौंदर्य असा मूळ अर्थ, पुढं गणिकेलाही तेच म्हणू लागले. 'हाप्पो बिजिन' ही स्तुती नव्हे, सगळ्यांची मर्जी राखणाऱ्याला मारलेला टोमणा आहे.
पाहुण्या बाईच्या रूपावर बोलूच नका, राव. चित्राबद्दल 'किरेइ', म्हणजे सुंदर, म्हणा. शेवटी 'इ' ऐकू येतो म्हणून आपली पोरं भूतकाळात 'किरेकात्ता' करतात, ते चूक. 'किरेइ देश्ता' म्हणायचं. नामाआधी 'किरेइ ना' येतं.