मदत हवी आहे: मानशीतला प्रवाह उलटताना सिम्युलेशन डायव्हर्ज होतं

मंडळी, पंधरा दिवस एकाच जागी अडकले आहे. गोव्यात कुंभारजुवे कालव्याकाठी आमचं खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतजमीन) आहे. मानशीची, म्हणजे बांधातल्या मोरीची, दारं ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतात आणि भरतीला मिटून खारं पाणी अडवतात. गेल्या वर्षी दाराची एक फळी कुजली आणि निम्मं शेत खारं झालं. तेवढ्या फटीतून एका भरतीत किती पाणी आत येतं, हे मला काढायचं आहे.

ओपनफोम या प्रवाहाच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पिंपलफोम हा सॉल्व्हर वापरते. मोरी ६ मीटर लांब, पाण्याने पूर्ण भरलेली धरली आहे. शेताकडच्या टोकाला टोटल प्रेशर (स्थितिक दाब अधिक वेगाचा दाब), कायम. नदीकडे, म्हणजे कालव्याच्या बाजूला, नुसता स्थितिक दाब, साइन लाटेसारखा वरखाली ०.८ मीटर, आणि वेगाला झिरो ग्रेडियंट. दाब घनतेने भागूनच दिला आहे, म्हणजे १ मीटरला ९.८१, पास्कल घातलेले नाहीत. खरं चक्र १२ तास २५ मिनिटांचं, पण मी ते १२ मिनिटांत बसवलं. इतक्या आखूड मोरीतलं पाणी दाबाच्या फरकाला काही सेकंदांत जुळवून घेतं, त्यामुळे चालावं.

ओहोटीभर रन सुरळीत चालतो. प्रवाह उलटायला लागला की कंटिन्युइटी एरर (आत-बाहेर पाण्याच्या हिशेबातली चूक) वाढते, टाइमस्टेप (गणनेचा वेळेतला टप्पा) घसरत जातो आणि फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन येऊन रन बंद पडतो. कुरां नंबर (एका टाइमस्टेपमध्ये पाणी जाळीची किती घरं ओलांडतं) ०.३ वर आणला, फरक नाही. अपविंड या ढोबळ पद्धतीवर थोडा जास्त टिकतो. मेश (गणनेची जाळी) बारीक केला तर उलट लवकर जातो! हे मला मुळीच कळत नाही.

प्रतिसाद

ताई, बारीक मेशची खूण महत्त्वाची आहे. चूक टाइमस्टेपची नाही, नदीकडच्या टोकाची आहे. पाणी तिथून आत शिरतं तेव्हा झिरो ग्रेडियंटमुळे वेग आतल्या सेलवरून (जाळीच्या घरावरून) उचलला जातो आणि दाब ठरलेलाच राहतो. आत येणाऱ्या वेगाला लगाम कुठेच नाही. जाड मेश आणि अपविंड भोवरे पुसून टाकतात, म्हणून तोवर निभावतं.

नदीकडेही टोटल प्रेशर द्या, वेगाला प्रेशर इनलेट आउटलेट व्हेलॉसिटी ही सीमेची अट. मग आत येताना दाबातून वेगाच्या वर्गाचा निम्मा भाग वजा होतो आणि वेग आपोआप आवरतो. भौतिकदृष्ट्याही हेच बरोबर, कारण लांबवरची नदी जवळजवळ स्थिर असते. टर्ब्युलन्सच्या राशींना इनलेट आउटलेट (पाणी आत येताना ठरलेली किंमत, बाहेर जाताना झिरो ग्रेडियंट) लावा, नाहीतर उलट्या प्रवाहात तिथेच फुटेल. आणि मेशचं टोक मोरीच्या तोंडाशी ठेवू नका, पुढे डोह जोडा; भोवरे सीमेवर कापले जाता कामा नयेत.

धागाकर्ती

मनापासून आभार! ४ मीटरचा डोह जोडला, दोन्हीकडे टोटल प्रेशर दिलं आणि सलग दोन चक्रं पार पडली. आता फळीच्या फटीत वेग इतका वाढतो की टाइमस्टेप अगदी लहान होतो. आउटर करेक्टर (एका टाइमस्टेपमधल्या गणनेच्या फेऱ्या) ३ करून कुरां नंबर २ पर्यंत जाऊ दिला, तर आत येणाऱ्या पाण्याच्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल का?